जिन्याखालचा डबा

मंडळी, मागच्या शनिवारी महाडला घरी गेलो होतो. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली टेलिफोनचा जुना डीपी बॉक्स अजून लटकतोय. सोसायटी म्हणते, भंगारात काढा. म्हटलं, त्याआधी त्याच्यावर चार ओळी लिहू.

बोलण्यासाठी तांब्याच्या जोडीतले जेमतेम 300 ते 3400 हर्ट्झ लागतात. वरची जागा रिकामीच! एडीएसएलने तीच 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत वापरली. छोटासा स्प्लिटर लावला की फोनही चालू, नेटही चालू. 2004 च्या धोरणाने ब्रॉडबँडचा किमान वेग 256 केबीपीएस ठरवला आणि जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलने याच तारांवर 'डेटावन' आणलं. भिंत फोडायला नको, की नवी वायर ओढायला नको.

गोम आहे ती अंतरात. तार लांबली की वरच्या फ्रिक्वेन्सी आधी विरतात. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरच्या पुढे खेळ खल्लास. म्हणजे बाजारपेठेतल्या बिल्डिंगची चैन, आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या मामाच्या वाडीला ठेंगा. 2014 मध्ये जी.फास्ट आलं: फायबर बिल्डिंगपर्यंत, पुढचे शे-दोनशे मीटर जुनं तांबं. फायदा पुन्हा बिल्डिंगलाच!

बॉक्स उघडून बघितला. आत 22 जुलै 2021 च्या पुराचा चिखल, जोड हिरवे पडलेले. ओल शिरली की तांब्यात खरखर वाढते; काचेच्या फायबरला तो त्रास नाही. म्हणून मीही ठरावाला हो म्हटलं.

फक्त एक वाटतं. तांब्याला लांबचं झेपत नव्हतं, फायबरला झेपतं. आता वाडी राहिली, तर भौतिकशास्त्राकडे बोट दाखवता येणार नाही.