माजावरची गाय आणि निसर्गक्रम

धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची जुनी संस्थाने. राज्य १९४८ पर्यंत पवारांचे चालले. शेती मात्र माळवी बैलांच्या खांद्यावर चालली. बैल हवा तर गाय फळली पाहिजे, आणि गाय फळायची तर ती माजावर केव्हा आली हे नेमके कळले पाहिजे. गुराखी ते कळपाकडे पाहूनच ओळखतो. गाई एकमेकींवर चढू लागतात; जी खाली निमूट उभी राहते, ती माजावर आहे असे तो समजतो. साधारण एकवीस दिवसांनी येणारा हा माज एका दिवसाच्या आत ओसरतो. कृत्रिम रेतनाचा काळ आला तरी खूण बदलली नाही. सकाळी गाय उभी राहिलेली दिसली तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी तिला भरवून घ्यावी, असा सल्ला पशुवैद्य देत आले आहेत. म्हशीची पंचाईत अशी की ती क्वचितच दुसरीवर चढते. तिचा माज मुका. म्हणजे मादीने मादीवर चढावे यात नवल नाही, उलट ती चढली नाही तरच मालकाला घोर!

गोठ्यातील हे साधे ज्ञान कायद्याच्या ग्रंथात पोहोचले नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३७७ आले, आणि ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ होणाऱ्या शरीरसंबंधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली गेली. या शब्दांमागे फार जुना विचार आहे. निसर्गाने सर्व प्राण्यांना जे शिकविले तो नैसर्गिक कायदा, अशी व्याख्या रोमन विधिज्ञ उल्पियन याने तिसऱ्या शतकात केली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ती स्वीकारली, आणि समलिंगी संबंधाची गणना निसर्गविरोधी पापांत केली. तथापि ज्या ॲरिस्टॉटलला ते गुरुस्थानी मानीत, त्याच्याच प्राणिविषयक ग्रंथात देवळांत कोंबड्यांवाचून ठेवलेल्या कोंबड्यांचे वर्णन आहे. नवा कोंबडा आला की इतर सारे त्याच्यावर चढतात, असे तो निःसंकोच सांगतो.

पुढील काळात मात्र पाहणाऱ्यालाही संकोच वाटू लागला. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेतील डॉक्टर मरे लेव्हिक यांनी १९११-१२ च्या उन्हाळ्यात केप अडेअर येथे पेंग्विन पक्ष्यांची वसाहत पाहिली. नर नरावर चढताना त्यांना दिसला, आणि ती नोंद कोणाला सहज वाचता येऊ नये म्हणून त्यांनी ग्रीक अक्षरांत लिहिली. १९१५ मध्ये त्यांचा पेंग्विनांवरील अभ्यास छापला गेला तेव्हा हा भाग त्यातून वगळण्यात आला. निवडक शास्त्रज्ञांपुरत्या त्याच्या शंभर प्रती काढून त्यांवर ‘प्रसिद्धीसाठी नाही’ असा शेरा मारला गेला. त्याची पुन्हा प्रसिद्धी झाली ती २०१२ मध्ये.

लेव्हिक ध्रुवप्रदेशात असतानाच, १९१२ च्या अखेरीस, ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार प्रथम देवासला आले. १९२१ मध्ये ते थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस होते. पुरुषाने पुरुषावर केलेल्या प्रेमाची त्यांची कादंबरी ‘मॉरिस’ १९१४ मध्येच लिहून झाली होती. ती छापली गेली १९७१ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. देवासच्या टेकडीवरील देवीचे नाव दिलेले त्यांचे आठवणींचे पुस्तक १९५३ मध्ये निघाले. देवासमधील स्वतःच्या अशाच आसक्तीविषयीचा मजकूर त्यांनी त्यात येऊ दिला नाही. तो १९८३ मध्ये उजेडात आला. एकाने पक्ष्याची गोष्ट झाकली, दुसऱ्याने स्वतःची; भीती एकच होती.

माळव्यात सर्वत्र आढळणाऱ्या वानरांच्या जातीचा जोधपूर येथे दीर्घकाळ अभ्यास झाला. तेथील वानरी एकमेकींवर चढतात, हे निरीक्षण १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुधा वरचढ मादी खालच्या दर्जाच्या मादीवर चढते. तेव्हा याला सरसकट प्रीती म्हणणे घाईचे होईल. गाईचे चढणेही माजापुरते. मेंढ्यांची गोष्ट निराळी. अमेरिकेतील पाळीव मेंढ्यांच्या कळपांत शंभरांपैकी सुमारे आठ नर, माद्या समोर असतानाही, नरालाच पसंत करतात, आणि ही आवड टिकून राहते.

यावरून माणसाची नीती ठरते काय? मुळीच नाही. त्याच वानरांत टोळी जिंकणारा नवा हुप्प्या पुष्कळदा आधीची पिले मारतो, म्हणून बालहत्या कोणी क्षम्य मानीत नाही. परंतु पशूंना साक्षीला प्रथम बोलाविले ते कायदे आणि धर्मशास्त्र लिहिणाऱ्यांनीच. बोलाविल्यावर त्यांची साक्ष पुरती ऐकून घेतली गेली नाही, आणि तिच्या नावाने माणसे दीडशे वर्षे शिक्षेच्या छायेत राहिली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे खाजगी संबंध या कलमातून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांचे ते कलमच नाही.