पक्षाघातानंतर नाच? एका उपचाराची पूर्वपीठिका

पक्षाघातातून सावरणाऱ्या पेशंटच्या घरचे हल्ली मोबाइलवरचा एखादा ऑनलाइन नृत्यवर्ग दाखवतात आणि विचारतात, "डॉक्टर, हे बाबांना चालेल का?" हे लॉकडाउनमधलं नवं फॅड आहे, असं अनेकांना वाटतं. खरं तर यातली प्रत्येक कल्पना बरीच जुनी आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पक्षाघात झाला की पेशंटला झोपवून ठेवायचं आणि पुढे चांगल्या बाजूच्या हातात काठी देऊन चालवायचं, एवढीच पुनर्वसनाची मजल होती. लुळा पडलेला हात गेला तो गेलाच, असं समजत. ही समजूत ज्यांनी हलवली त्यांत बर्टा बोबाथ यांचं नाव मोठं आहे. त्या मूळच्या बर्लिनच्या व्यायामशिक्षिका. नाझी राजवटीमुळे देश सोडून १९३८ मध्ये त्या लंडनला आल्या. १९४० च्या दशकात पक्षाघात झालेल्या एका नामवंत चित्रकारावर उपचार करताना त्यांना दिसलं, की शरीराची ठेवण बदलून विशिष्ट हालचाली करून घेतल्या तर ताठरलेले स्नायू सैल होतात. त्यांचे पती डॉ. कारेल बोबाथ यांनी या निरीक्षणाला शास्त्रीय मांडणी दिली. त्या मांडणीतलं बरंचसं आज मागे पडलं आहे आणि त्यांची पद्धत इतरांहून सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरीही "दुबळ्या बाजूलाच कामाला लावा" हा त्यांचा आग्रह टिकला. हे सुचलं एका व्यायामशिक्षिकेला, डॉक्टरांना नव्हे, याची मला नेहमी गंमत वाटते.

पुढे ताल आला. अमेरिकेत मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षाघाताच्या २० पेशंटपैकी निम्म्यांना सहा आठवडे तालाच्या साथीनं चालण्याचा सराव दिला, उरलेल्यांना तेवढाच सराव तालाविना. तालावर चालणाऱ्यांचा वेग आणि पावलाची लांबी जास्त सुधारली. ठोका ठरावीक अंतरानं पडतो, त्यामुळे पुढचं पाऊल कधी टाकायचं हे मेंदूला आधीच कळतं. लेझीम खेळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

प्रत्यक्ष नृत्यवर्ग मात्र दुसऱ्या आजारासाठी नावारूपाला आले. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं पार्किन्सनच्या पेशंटसाठी वर्ग सुरू केले. तिथे त्यांना पेशंट म्हणून नाही, तर विद्यार्थी म्हणून शिकवलं जाई. पण पार्किन्सन म्हणजे पक्षाघात नव्हे. पक्षाघातात नृत्याचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. नाच करणं शक्य आहे आणि तोल सुधारण्यास मदत होऊ शकते, यापलीकडे ठामपणे बोलू नये.

आता दुरून उपचारांकडे येऊ. नेब्रास्कातल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९५९ मध्येच दुहेरी टीव्ही वापरून उपचार केले होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १२४ पेशंटच्या चाचणीत दिसलं, की थेरपिस्टच्या देखरेखीखाली घरी केलेले हाताचे व्यायाम दवाखान्यातल्या व्यायामांपेक्षा कमी पडत नाहीत. पुढच्याच वर्षी कोरोना आला आणि नाचाचे वर्गही पडद्यावर गेले.

मग घरच्या घरी काहीही चालेल का? इथे आपल्याच देशातली 'अटेंड' चाचणी आठवावी. १४ रुग्णालयं, १२५० पेशंट. घरच्यांना शिकवून व्यायाम करून घेतले. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबनात काहीही फरक नव्हता. घरच्यांची माया कमी पडली असं मी म्हणणार नाही. पण नुसत्या मायेवर व्यायामाची मात्रा ठरत नाही.

म्हणून माझं उत्तर असं: चालेल, पण फिजिओथेरपी बंद करून नाही. आधी रक्तदाब आटोक्यात हवा आणि तोल तपासून घ्यायला हवा. सुरुवात हात असलेल्या भक्कम खुर्चीत बसून करा. दुबळ्या बाजूला घरचं कुणीतरी उभं राहू द्या. कॅमेऱ्यात पावलं दिसली पाहिजेत, नाहीतर शिक्षक दुरुस्ती कशाची करणार? पडद्यावर डावं-उजवं उलटं दिसतं. ज्या पेशंटला एका बाजूचं भानच राहत नाही, त्याचा तिथे हमखास गोंधळ उडतो. अशा वेळी शिक्षकांना "डावा हात" म्हणण्याऐवजी "घड्याळाचा हात" म्हणायला सांगा.