प्लस साइझिंग (चाके)

प्लस साइझिंग म्हणजे मोटारीला मूळपेक्षा मोठ्या व्यासाची रिम बसवून टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची तेवढीच कमी करणे. टायरचा एकूण व्यास त्यामुळे जवळपास कायम राहतो.

१९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनी स्पोर्ट्स कारच्या पहिल्या पिढीला मूळचे १८५/६० आर१४ टायर होते. यांत १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६० ही रुंदीच्या टक्केवारीत भिंतीची उंची आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास होय. असा टायर ५७७.६ मिमी व्यासाचा भरतो. १९५/५० आर१५ चा व्यास ५७६ मिमी असल्याने वेगमापकात नगण्य फरक पडतो. २०५/४५ आर१६ मात्र सुमारे ५९१ मिमीचा असतो. तो बसवल्यास वेगमापक मूळ टायरच्या तुलनेत सुमारे २ टक्के कमी वेग दाखवतो.

व्यास जुळला तरी चाक बसेलच असे नाही. ४×१०० मिमी बोल्टमांडणी जुळावी लागते. ऑफसेट फार कमी असल्यास चाक बाहेर सरकते आणि वळणावर किंवा खड्ड्यात टायर मडगार्डला घासून फाटू शकतो. टायरचा भारांक मूळपेक्षा कमी नसावा. जड रिममुळे स्प्रिंगखालचे वजन वाढते. सुमारे एक टनाच्या या हलक्या गाडीत ते लगेच जाणवते, त्यामुळे केवळ शोभेसाठी घेतलेली १७ इंची चाके तिला सहसा मानवत नाहीत.