पुठ्ठ्यावर डकवलेली नोट

जुन्या पेढ्यांमधून गल्ल्याच्या वर, देवाच्या तसबिरीशेजारी, काचेत मढवलेली एखादी नोट दिसते. कुणाची ती पहिली कमाई असते, कुणाला वडिलांनी दिलेला आशीर्वाद. नोट चौकटीत घसरू नये म्हणून तसबिरी करणारा मागे खळ किंवा सरस फासून ती पुठ्ठ्यावर डकवून टाकतो. पुढे नातवाला कळते की ही पंचम जॉर्जच्या काळातली एक रुपयाची नोट आहे. तो जाणकाराकडे जातो. जाणकाराचा पहिला प्रश्न असतो, 'मागची बाजू बघू.' मागे तर पुठ्ठा!

नोटेची पाठ एवढी महत्त्वाची का, हे समजायला थोडे मागे जावे लागते. आपल्याकडे आधी बेंगॉल, बॉम्बे आणि मद्रास या इलाखा बँका स्वतःच्या नोटा काढीत. १८६१च्या कायद्याने तो हक्क सरकारने आपल्याकडे घेतला. पहिल्या, राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेल्या नोटांची नक्कल सर्रास होऊ लागली, तेव्हा १८६७पासून नवी मालिका आली. तिचा हातबनावटीचा कागद विलायतेतून येई आणि छपाई एकाच बाजूला असे. पाठ कोरी! नोट हातोहात फिरताना त्या कोऱ्या पाठीवर सह्या उमटत, शिक्के बसत. इतिहासाच्या अभ्यासकाला पुढच्या छापील मजकुराइतकेच हे मागचे हस्ताक्षर मोलाचे. शिवाय नोट ज्या विभागाची असेल त्याच विभागात ती कायद्याने वटे. पाच, दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटा देशभर चालू लागल्या त्या १९०३ ते १९११ या काळात.

एक रुपयाची नोट मात्र युद्धाचे अपत्य. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी ही नोट आली. तिच्यावर चांदीच्या रुपयाचेच चित्र होते. लोकांना कागदाची खात्री पटावी म्हणून असेल. पाठोपाठ अडीच रुपयांचीही नोट निघाली. खर्च परवडेना, म्हणून १ जानेवारी १९२६ला दोन्ही बंद झाल्या. घरोघरी मढवलेल्या सापडतात त्या बहुधा अशा लहान नोटा. दहा हजारांची नोट चौकटीत अडकवण्याची चैन कोणाला होती?

माझ्या एका आप्तांनी अशी नोट चहाच्या किटलीच्या वाफेवर धरली. पुठ्ठा सुटला, पण मागच्या जांभळ्या शिक्क्याची शाई पसरून ढग झाला आणि नोट पापडासारखी वळली.

खरी युक्ती उलटी आहे. नोट पुठ्ठ्यावरून सोलायची नाही, पुठ्ठा नोटेवरून सोलायचा. आधी दोन्हींचे छायाचित्र काढावे. ओल्या कापसाचे टोक सहीला, आकड्यांना हलकेच लावून वर टीपकागद दाबावा. रंग उतरला तर तिथेच थांबावे. मग नोट पालथी, स्वच्छ टीपकागदावर सपाट ठेवायची. पुठ्ठा हा थरांचा असतो. बोथट पातीने एकेक थर आडवा, नोटेला समांतर असा उचलत जायचे. नोट जागची हलता कामा नये. घाई इथेच नडते. शेवटचा पापुद्रा राहिला की त्यावर मिथाइल सेल्युलोजची घट्ट लापशी थापतात. ती ओल हळूहळू सोडते, त्यामुळे नोट भिजून चिंब होत नाही. खळ किंवा डिंक असेल तर तो काही मिनिटांत मऊ पडतो. उरलेला चिकटा ओलसर कापसाने टिपून काढायचा. पांढरा रासायनिक गोंद किंवा चिकटपट्टी असेल तर पाण्याने काम होत नाही; ती नोट कागद-संवर्धकाच्या हातीच द्यावी. सुकवताना टीपकागदात, हलक्या वजनाखाली. इस्त्री मुळीच नको; छपाईचा उठाव बसला की संग्राहक नोटेकडे ढुंकूनही बघत नाही.

तशीच राहू द्यावी म्हटले, तर तेही धोक्याचे. नोटेचा कागद चिंध्यांपासून केलेला, चिवट. पुठ्ठा लाकडी लगद्याचा. त्यातले आम्ल झिरपून नोट तांबूस आणि ठिसूळ होत जाते.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. एकोणिसाव्या शतकात मोठी रक्कम टपालाने पाठवताना नोट मधोमध कापीत. एक अर्धी आधी जाई आणि पोहोचल्याचे पत्र आले की दुसरी. पुढे दोन्ही अर्ध्या मागून पट्टी लावून जोडत. त्या पट्टीखालचा डिंक हा टपालाच्या रस्त्यावरच्या चोरीच्या भीतीचा पुरावा आहे. अशी नोट पुठ्ठ्यावर आढळली, तर पुठ्ठा काढावा आणि ओल पट्टीपर्यंत पोहोचण्याआधी हात आवरावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)