उल्कावर्षावांचे पूर्वकथन

धूमकेतू सूर्याजवळ आला म्हणजे त्याच्या केंद्रातील बर्फ वायुरूप होऊन धूलिकण बाहेर पडतात. हे कण धूमकेतूच्याच कक्षेत भ्रमण करीत राहतात व पृथ्वी तेथून जाताना उल्कांच्या रूपाने दिसतात. अशा वर्षावाची वेळ आधी वर्तविण्याचे प्रयत्न मुख्यत्वे सिंह राशीतून येणाऱ्या उल्कांविषयी झाले.

नोव्हेंबर १८३३ मध्ये अमेरिकेत या उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला. एच. ए. न्यूटन यांनी जुन्या नोंदींवरून सु. ३३ वर्षांचे चक्र ठरवून १८६६ चे भाकित केले व ते खरे ठरले. टेंपल-टटल या धूमकेतूशी असलेले त्यांचे नातेही लवकरच उघड झाले. १८९९ मध्ये मात्र लोक रात्रभर जागले आणि वर्षाव झाला नाही. गुरू व शनी यांच्या आकर्षणाने कणसमूह बाजूस सरकल्याचे गणित स्टोनी व डाउनिंग यांनी ऐनवेळी मांडले होते. पण या भाकितांवरील विश्वास उडाला तो उडालाच.

खरी अडचण अशी, की हा प्रवाह एकसंध नसतो. प्रत्येक फेरीत सुटलेल्या कणांचा वेगळा, चिंचोळा धूलिपट्टा तयार होतो व ग्रह त्याला निराळा क्षोभ देतात. म्हणून प्रत्येक पट्ट्याचे गणित स्वतंत्रपणे करावे लागते. ही रीत सोव्हिएट संघातील कोंद्रात्येव्हा व रेझ्निकोव्ह यांनी १९८५ मध्ये वापरली. मॅकनॉट व अ‍ॅशर यांनी १९९९ मध्ये ती पुढे नेली. त्या वर्षी १८ नोव्हेंबरचा वर्षाव त्यांनी सांगितलेल्या वेळेच्या काही मिनिटे इकडेतिकडे झाला. उल्कांच्या संख्येचे भाकित मात्र वेळेच्या भाकिताइतके भरवशाचे नसते.

वेळ अचूक कळली, तरी उल्कांचा उद्‌गम बिंदू त्या वेळी क्षितिजावर असावा लागतो. बीड येथे १८ नोव्हेंबरच्या सुमारास तो मध्यरात्रीनंतर सु. पाव तासाने उगवतो. १९९८ मध्ये कमाल वर्षाव १८ तारखेस पहाटे सव्वाच्या सुमारास, म्हणजे बीडला सोयीच्या वेळी, अपेक्षित होता. परंतु तेजस्वी उल्कांचा भर आदल्या दिवशीच, येथे सूर्य उगवल्यावर येऊन गेला. ते कण १३३३ च्या फेरीतील होते. धूमकेतूच्या पाच फेऱ्यांत गुरूच्या चौदा फेऱ्या होतात. या अनुस्पंदनामुळे ते सहा शतके विखुरले नव्हते. २००१ मध्ये १६९९ व १८६६ च्या पट्ट्यांमुळे आलेली कमाल वर्तविल्याप्रमाणे १८ नोव्हेंबरच्या रात्री पावणेबाराच्या सुमारास गाठली गेली. तेव्हा पूर्व आशियात आकाश उल्कांनी भरले होते. बीडला उद्‌गम बिंदू उगवण्यास अजून अर्धा तास होता व येथील निरीक्षकाच्या वाट्यास ओसरता वर्षावच येणार होता.