लेखापरीक्षण अहवाल वाचताना: मावळापुरती एक प्रस्तावना

तळेगाव दाभाडेची नगरपालिका १८६६ ची, लोणावळ्याची १८७७ ची. वडगावला नगरपंचायत झाली ती अगदी अलीकडे. एका मावळ तालुक्यात शहराचा कारभार पाहणाऱ्या या तीन संस्था आहेत आणि त्यांतल्या दोघी शंभरावर वर्षे लोकांकडून घरपट्टी घेऊन खर्च करत आल्या आहेत. तो खर्च बाहेरच्या माणसाने तपासायचा, अशी कायद्याने लावून दिलेली रीत आहे. त्या तपासणीचे अहवाल हा आपला विषय. किल्ले, लेणी, धरणे आणि चिक्की यांवर लिहिणाऱ्यांची मावळात वाण नाही. या अहवालांकडे मात्र निवडणुकीच्या तोंडावरचे चार दिवस सोडले तर कोणी वळत नाही. नव्याने येणाऱ्याला इथे भरपूर मोकळी जागा आहे.

आधी तपासणारा कोण, ते पाहू. देहूरोड ओलांडून पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत गेलात की महापालिकेचा स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असतो आणि त्याचे अहवाल स्थायी समितीपुढे जातात. नगरपरिषदेला तसा घरचा लेखापरीक्षक नसतो. लोणावळ्यासारख्या ‘ब’ वर्ग नगरपरिषदेचे हिशेब तपासते ते राज्याच्या वित्त विभागाखालचे स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालय. त्याचे मुख्यालय नवी मुंबईत कोकण भवनात, आणि त्याच्या अधिकाराचे मूळ १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्यात. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक या संचालनालयाला तांत्रिक मार्गदर्शन करतात आणि निवडक संस्थांची, निवडक योजनांची तपासणी स्वतःही करतात. राज्यघटनेत ७४ व्या दुरुस्तीने आलेले २४३ झेड हे कलम नगरपालिकांच्या लेखापरीक्षणाची तजवीज राज्याच्या कायद्यावर सोपवते. एवढा सांगाडा ध्यानात असला की पुरे. कलमांची घोकंपट्टी करणारे वाचक अहवालापर्यंत क्वचितच पोचतात.

नवखा वाचक हमखास चकतो ती जागा इथेच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी लेखे ऑनलाइन ठेवण्याची अट घातली. त्यामुळे केंद्राच्या ‘सिटीफायनान्स’ या संकेतस्थळावर देशभरच्या नगरपालिकांची वार्षिक लेखापत्रके सापडतात. ताळेबंद, जमाखर्च, सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र, सगळे जागच्या जागी. ते उतरवून घेऊन ‘ऑडिट मिळाले’ असे समजणारे पुष्कळ आहेत. ती कागदपत्रे उपयोगाची आहेतच. नगरपरिषदेकडे ठेवी किती, येणे किती, पगारावर किती जाते, हे त्यांतून कळते. पण अमुक देयक कोणत्या आधारावर दिले आणि अमुक वसुली का झाली नाही, हे विचारणारा दस्तऐवज वेगळा आहे. तो स्थानिक निधीचा अहवाल. गंमत अशी की कुसगाव किंवा वरसोलीसारख्या लगतच्या ग्रामपंचायतींसाठी ‘ऑडिटऑनलाइन’ नावाची व्यवस्था आहे आणि गावाचा अहवाल घरबसल्या शोधता येतो. शहराच्या अहवालासाठी मात्र बहुधा अर्ज करावा लागतो.

तो अर्ज माहिती अधिकार अधिनियम, २००५ खालचा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत बसवायचा आणि त्यात एकच विषय ठेवायचा. हे बंधन जाचक वाटते, पण आपल्या कामाला ते सोयीचे आहे. ‘भ्रष्टाचार का झाला’ असले प्रश्न गळून पडतात आणि कागदाचे नाव तेवढे उरते: अमुक आर्थिक वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल, त्यावर नगरपरिषदेने पाठवलेला अनुपालन अहवाल आणि प्रलंबित आक्षेपांची यादी. मधला कागद विसरू नये. अर्ज नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करता येतो, तसाच लेखापरीक्षा कार्यालयाकडेही. एकाने ‘आढळून येत नाही’ असे कळवले तर दुसऱ्याकडे प्रत असायलाच हवी. प्रतींपेक्षा प्रत्यक्ष अवलोकन मागणे पुष्कळदा बरे पडते. पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी नागरिकांनी येऊन कागद पाहावेत अशी प्रथा पडली होती आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांसाठीही लागू केली. फायलीशेजारी बसून तासभर पाने उलटली की कशाच्या प्रती घ्यायच्या ते आपोआप कळते.

आता अहवाल हातात आला असे धरू. तपासणी चालू असताना लेखापरीक्षक अर्धसमास पत्रे काढतात: पानाच्या एका अर्ध्या भागात शंका, उरलेला अर्धा कार्यालयाच्या खुलाशासाठी कोरा. खुलासा पटला तर विषय तिथेच मिटतो. न पटलेले किंवा उत्तरच न आलेले मुद्दे परिच्छेद होऊन अहवालात येतात. समजा, एका रस्त्याच्या डांबरीकरणाचे अंतिम देयक आहे. लेखापरीक्षक निविदेचा दर पाहतो, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी आणि त्याखालच्या सह्यांच्या तारखा पाहतो, कामाला मुदतवाढ दिली असेल तर ती कोणाच्या मंजुरीने आणि दंड का आकारला नाही ते विचारतो. मग वजाती: खडी-मुरमाच्या स्वामित्वधनाच्या पावत्या जोडल्या आहेत का, बांधकाम कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर कापला का, सुरक्षा अनामत ठेवून घेतली का. यातला एखादा कागद नसला की तेवढी रक्कम वसूलपात्र म्हणून नोंदवली जाते. कोरडे काम वाटते खरे. पण लोणावळ्याच्या पावसात रस्ता दरवर्षी उखडतो हे ज्याला माहीत आहे, त्याने याच परिच्छेदात दोषदायित्व कालावधी शोधावा. त्या कालावधीत दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. त्याच रस्त्यावर पुन्हा निविदा निघाली असेल तर ते दोन अहवाल शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. पुण्याहून आलेल्या लेखापरीक्षकाला ते निसटू शकते. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याच्या ते नजरेत भरते. स्थानिक वाचकाची गरज आहे ती इथे.

‘आक्षेपाधीन’ हा शब्द पाहून मात्र हुरळून जाऊ नये. महालेखापरीक्षकांनी मुंबई महापालिकेच्या सुमारे १२ हजार कोटी रुपयांच्या कामांची विशेष तपासणी केली आणि मार्च २०२३ मध्ये तिचा अहवाल विधानसभेत आला. ती तपासलेल्या कामांची एकूण रक्कम होती. चौकातल्या चर्चेत मात्र तीच घोटाळ्याची रक्कम होऊन फिरली. नगरपरिषदेच्या अहवालातही असेच घडते. एका प्रमाणकावर सही राहिली म्हणून सबंध देयक आक्षेपात जाते आणि सही झाली की आक्षेप निघतो. म्हणूनच अनुपालन अहवाल हवा. माझ्या मते खरा गंभीर शेरा आकड्यांचा नसतोच. ‘अभिलेख तपासणीस उपलब्ध करून दिले नाहीत’ हे एक वाक्य कोटींच्या बेरजेहून जास्त सांगते, आणि ते ओळीने तीन अहवालांत आले तर त्याहून जास्त.

लोणावळ्याचे स्वतःचे काही प्रश्न आहेत. इथल्या कित्येक बंगल्यांचे मालक मुंबई-पुण्यात राहतात, तेव्हा घरपट्टीची मागणी, वसुली आणि शिल्लक यांचा तक्ता अहवालात आधी काढावा. शनिवार-रविवारच्या गर्दीचा भार कचऱ्यावर आणि पाण्यावर पडतो, पण कर भरतात ते कायमचे रहिवासी. जनगणनेत ते जेमतेम ५७ हजारांच्या घरात होते. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांत विट्यानंतर लोणावळा देशात दुसरे आले. त्या वर्षांचे सफाईचे ठेके आणि त्यांची देयके लेखापरीक्षकाने कशी पाहिली, हा कोणत्याही अभ्यासकाला मोहात पाडणारा विषय आहे. दोष सापडेलच असे नाही. चांगले काम कागदावर कसे दिसते, हेही कोणीतरी लिहायला हवे.

आणखी एक कालखंड जपून वाचावा. २०२२ पासून २०२५ च्या अखेरीपर्यंत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते आणि पुष्कळ ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक. म्हणजे आक्षेपाचे उत्तर देणारा आणि ते उत्तर सभागृहाच्या वतीने ऐकून घेणारा माणूस एकच. सभागृह असले की हरकत वेळेवर घेता येते: १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या स्वागताच्या हजार रुपयांना पुणे नगरपालिकेत एकट्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला, तो पैसा खर्च होण्याआधी, सभागृहात. लेखापरीक्षण नेहमी मागाहून येते. म्हणून अहवालाचा खरा उपयोग पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी: गेल्या अहवालातला परिच्छेद क्रमांक हाती असलेला एक नगरसेवक किंवा एक निवेदन सभेचा नूर बदलू शकते.

सुरुवात लहान शीर्षापासून करावी. नगरपरिषदेच्या मालकीचे गाळे, त्यांचे करार, भाडे आणि थकबाकी हे शीर्ष उत्तम. गाळे पायी हिंडून मोजता येतात आणि अहवालातल्या संख्येशी ताडून पाहता येतात. तळेगाव-लोणावळ्याचे जुने दप्तर कुठे कुठे विखुरले असेल, त्याचा नेम नाही. वडगावच्या नगरपंचायतीची पहिली निवडणूक मात्र २०१८ ची. तिचे अहवाल पहिल्या वर्षापासून सलग मिळवणे अजून शक्य आहे आणि त्यासाठी एखादा चिकाटीचा पदवीधर पुरेसा आहे.