गोदावरी ओलांडली की ‘आयात’ : बंदूक, परवाना आणि कायदा (थ्रेड)

समजा, 1900 च्या सुमारास बिडकीनचा एखादा गृहस्थ आपली बंदूक घेऊन पैठणला गेला आणि तेथे गोदावरी ओलांडून शेवगाव तालुक्यात उतरला. कायद्याच्या दृष्टीने त्याने काय केले? शस्त्राची आयात केली. जहाज नाही, बंदर नाही, मुंबईची गोदीही नाही. केवळ एक नदी.

कारण बिडकीन, पैठण, औरंगाबाद हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पलीकडचे नेवासे आणि शेवगाव हे मात्र अहमदनगर जिल्ह्यातले, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातले. ढोबळमानाने गोदावरी हीच सीमा. ‘आयातबंदी’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. मराठवाड्यापुरता तरी हा शब्द नदीपाशी आणि मनमाडच्या रेल्वेरुळांपाशी समजून घ्यावा लागतो.

आता मूळ कायद्याकडे वळू. व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीत 1878 चा अकरावा कायदा झाला. तोच ‘इंडियन आर्म्स ॲक्ट’. याच्या सहाव्या कलमानुसार समुद्रमार्गे वा भूमार्गे ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्र आणणे किंवा तेथून बाहेर नेणे परवान्यावाचून निषिद्ध होते. ‘भूमार्गे’ या एका शब्दाने प्रत्येक संस्थानाची वेस ही शस्त्रापुरती जकातीची हद्द ठरली. कलमाचे स्पष्टीकरण तर आणखी पुढे जाते. ब्रिटिश मुलखाच्या एका भागातून दुसऱ्या भागात शस्त्र न्यायचे असेल आणि वाटेत परका मुलूख लागत असेल, तर तीही निर्यात आणि पुन्हा आयात!

पण याच कलमात एक अपवाद आहे, आणि या साऱ्या इतिहासाची मेख तिथेच आहे. शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर हक्क असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या खाजगी वापरासाठी वाजवी प्रमाणात शस्त्र आणले, तर त्यास आयातीचा वेगळा परवाना लागत नसे. कस्टम्सच्या कलेक्टरला शंका आल्यास तो माल अडवून सरकारचा हुकूम मागवी, एवढेच. म्हणजे कागदावर दार उघडे होते. प्रश्न एवढाच उरे की ‘कायदेशीर हक्क’ कोणाला?

त्याचे उत्तर सत्ताविसाव्या कलमात मिळते. कोणालाही कायद्यातून सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला, आणि त्याखालील नियमांनी युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांना सूट दिली. सामान्य हिंदी माणसाला मात्र परवान्यासाठी जिल्हाधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे. 1887 च्या मद्रास अधिवेशनातच काँग्रेसने या कायद्यात बदल मागितला होता. हा वांशिक भेद नियमांतून निघायला पहिले महायुद्ध संपावे लागले.

या कायद्याला सर्वांत गाजलेले आव्हान न्यायालयात दिले गेले नाही. ते एका ट्रंकेच्या चोरकप्प्यातून आले. 1909 च्या आरंभी विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईकडे धाडली. ती आणणारा चतुर्भुज अमीन हा इंडिया हाऊसमधला स्वयंपाकी. वीस पिस्तुले ‘खाजगी वापरासाठी वाजवी प्रमाण’ ठरण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यांतलेच एक पिस्तूल 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात झाडले गेले. ‘संगीत शारदा’चा प्रयोग पाहण्यास आलेला कलेक्टर जॅक्सन ठार झाला. गोळी झाडणारा अनंत कान्हेरे अठरा वर्षांच्या आसपासचा, आणि शिकत होता औरंगाबादेत. (आपल्याकडे हा तपशील नाशिकच्या कथेत हरवतो, याची मला नेहमी खंत वाटते.) शस्त्र समुद्राची सीमा ओलांडून आले, तर ते चालवणारा संस्थानाची. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. अमीन माफीचा साक्षीदार बनला. सावरकरांना 30 जानेवारी 1911 रोजी जी दुसरी जन्मठेप झाली, ती या हत्येस साहाय्य केल्याबद्दल, आणि तिच्या मुळाशी ही पिस्तुलेच होती.

मग स्वातंत्र्यानंतर काय झाले? 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत मोजला होता. डिसेंबर 1948 च्या आरंभी हरि विष्णू कामत यांनी संविधान सभेत त्या आशयाची दुरुस्ती मांडली. तो काळही ध्यानात घ्या. ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटन याने कराचीहून विमानांनी निजामासाठी शस्त्रे उतरवली, ती त्याच वर्षी; आणि रझाकारांचा धुमाकूळ संपवणारी पोलीस कारवाई सप्टेंबरात झाली होती. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर गुन्हेगारही तो मागतील, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आज अनुच्छेद 19 मध्ये शस्त्राचा उल्लेख येतो तो केवळ ‘विनाशस्त्र’ जमण्याच्या स्वातंत्र्यात.

तेव्हा आयातीवरील निर्बंध मूलभूत हक्कावर घाला म्हणून पाडता येईल, हा मार्ग तिथेच अरुंद झाला.

खरी गंमत पुढे आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याचे दहावे कलम काढून पाहा. परवान्यावाचून आयात नाही. मात्र शस्त्र बाळगण्यास हक्कदार व्यक्तीने खाजगी वापरासाठी वाजवी प्रमाणात ते आणल्यास वेगळा परवाना नको. 1878 चाच अपवाद, जवळपास त्याच शब्दांत! वाटेत परका मुलूख लागण्याची तरतूदसुद्धा कायम आहे.

तरीही आज परवानाधारक माणूस परदेशातून हवी ती बंदूक मागवू शकत नाही. असे का? कारण हे दार शस्त्र कायद्याने लावलेले नाही, ते लावले व्यापाराच्या कायद्याने. 1947 चा आयात-निर्यात नियंत्रण कायदा आणि त्याच्या जागी आलेला 1992 चा परकीय व्यापार कायदा यांनी केंद्र सरकारला कोणत्याही मालाची आयात आदेशाद्वारे रोखण्याचा अधिकार दिला. असा आदेश निघाला की तो माल सीमाशुल्क कायद्याच्या अकराव्या कलमाखाली निषिद्ध समजला जातो. ऐंशीच्या दशकापासून बंदुकांच्या बाबतीत हेच अस्त्र वापरले गेले, आणि नामांकित नेमबाजांसारखे मोजके अपवाद उरले.

माझ्या मते हे निर्बंध कायदेशीर आहेत. शस्त्र कायदा विचारतो, हा माणूस बाळगण्यास पात्र आहे काय. व्यापाराचा कायदा विचारतो, हा माल देशात यावा काय. पहिल्याचे ‘हो’ दुसऱ्याला बांधत नाही. परंतु संसदेने कलमात लिहिलेली सवलत आयात धोरणाच्या एका नोंदीने निष्प्रभ व्हावी, हे मला खटकते. कलम बदलायचे तर सभागृहात चर्चा होते. धोरणातली नोंद बदलायला अधिसूचना पुरते.

याचा परिणाम बाजारात दिसतो. बंदीपूर्वी आलेली परदेशी पिस्तुले आणि रायफली परवानाधारकांमध्येच हात बदलत राहिली, आणि त्यांची किंमत मूळ देशातल्या किमतीच्या कितीतरी पट चढली.